अंधार पडायच्या आत

बेळगावकरांना समुद्र तसा दूर नाही. अडीच हजार फुटांवर वसलेल्या या शहरातून पश्चिमेकडे निघाले की घाटमाथा सायकलीच्या एका दिवसाच्या टप्प्यात येतो आणि घाट उतरला की कोकण लागते. तरीही आमच्या गल्लीत जन्मात समुद्र न पाहिलेली माणसे घरोघरी होती. माझा मित्र त्यांपैकीच एक. त्याच्याच इच्छेवरून त्याचे नाव येथे देत नाही. १९८६ साली आम्ही दोघेही एकवीस वर्षांचे होतो. त्या उन्हाळ्यापासून त्याने एकच ध्यास घेतला होता : दिवाळीच्या आत समुद्र पाहायचा, आणि तोही एस.टी.ने न जाता डोंगर उतरून, सायकलीने. एवढी घाई कशासाठी, हे मी विचारले नाही. तरुणपणी घाईला कारण लागत नाही, अशी माझी समजूत होती.

दसऱ्यानंतर तीन दिवसांनी, बुधवार दिनांक १५ ऑक्टोबर रोजी पहाटे आम्ही निघालो. त्याच्या आईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कुंद्याचा पुडा बांधून दिला. मी सायकलीवर टांग टाकणार तोच त्या माउलीने माझा हात धरला आणि म्हणाली, ‘‘बाळ, एवढे मात्र लक्षात ठेव हो. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा. रोज.’’ आया असे सांगतच असतात. मी ‘‘होय काकू’’ म्हटले आणि गल्लीच्या कोपऱ्यावर ते विसरूनही गेलो.

बेळगाव-वेंगुर्ले रस्ता हा आमच्या मुलखाचा जुना राजमार्ग होय. वेंगुर्ल्यास सतराव्या शतकात डचांनी वखार घातली. १८१२ साली ते बंदर इंग्रजांच्या हाती गेले. पुढे बेळगावच्या छावणीसाठी लागणारा माल त्या बंदरात उतरे आणि बैलगाड्यांनी घाट चढून वर येई. १८८०च्या दशकात मुरगाव बंदरापासून सह्याद्री चढून रेल्वे आली, आणि या रस्त्याचा जुना दिमाख ओसरला. हिंडलगा, बाची मागे टाकून शिनोळी गाठली की राज्य बदलते. कर्नाटक संपून महाराष्ट्र लागतो. पाटीवरची लिपी पालटते. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याची बोली मात्र अलीकडच्या गावात आणि पलीकडच्या गावात एकच असते.

चंदगडच्या बाजूने पिकत आलेले भात आणि वाऱ्यावर सळसळणारा ऊस पाहत आम्ही चाललो होतो. परतीचा पाऊस अजून पुरता गेला नव्हता. नांगरतासला थांबलो. नांगराने तास मारावा तशी कातळात अरुंद घळ आहे आणि तिच्यात पाणी कोसळते. आंबोलीस पोहोचलो तेव्हा चार वाजत आले होते. सत्तरेक किलोमीटरांची मजल झाली होती आणि पोटऱ्यांत गोळे आले होते. पण हिरण्यकेशी पाहिल्यावाचून पुढे जायचे नाही, असा त्याचा आग्रह पडला.

हे स्थान मोठे विलक्षण आहे. गुहेतून नदी निघते आणि तेथेच महादेवाचे देऊळ आहे. येथून पश्चिमेचा समुद्र जवळ, पण हे पाणी त्याच्याकडे पाठ फिरवून आजरा, संकेश्वर अशा गावांवरून पूर्वेकडे वाहत जाते. घटप्रभेतून कृष्णेस मिळून ते थेट बंगालच्या उपसागराला पोहोचते. डोंगराच्या दुसऱ्या अंगावर पडलेला थेंब मात्र सरळ अरबी समुद्राकडे धाव घेतो. आंबोलीत वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला कोणता थेंब कोणत्या समुद्रास मिळायचा हे वीतभर जागेवर ठरते. पुढे २०२० साली याच हिरण्यकेशीच्या पाण्यात शास्त्रज्ञांना माशाची एक नवी जात सापडली, आणि २०२१ साली या स्थानास जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. त्या संध्याकाळी आम्हांला यांतले काहीच ठाऊक नव्हते. माझा मित्र कुंडाच्या काठाशी वाकून एकटक पाण्याकडे पाहत होता. मी मात्र घड्याळाकडे पाहत होतो.

चहा घेऊन होईतो साडेपाच झाले. खालून धुके वर येऊ लागले होते. तो म्हणाला, ‘‘आज इथेच राहू.’’

‘‘इथे कशाला?’’ मी म्हणालो. ‘‘घाट उतरायला तासभरसुद्धा लागत नाही. पेडल मारायचेही काम नाही. दाणोलीत नाहीतर वाडीत मुक्काम करू.’’

‘‘सकाळी उतरू ना. घाट नीट दिसेल तरी.’’

‘‘घाबरलास काय लेका?’’

मी हे वाक्य हसत हसत बोललो. आजवर मी पुष्कळ मूर्ख वाक्ये बोललो आहे, पण परत घ्यावेसे वाटणारे एकच निवडायचे झाले तर ते हेच निवडीन. तो काही बोलला नाही. मुकाट्याने सायकलीवर बसला आणि माझ्या मागून निघाला.

घाटाची पहिली वळणे गेली तोवर उजेड होता. मग धुके इतके दाटले की माझ्या डायनॅमोच्या दिव्याचा एक पिवळा गोळा तेवढा समोर दिसे. वेग कमी केला की तो गोळाही विझू लागे. एका वळणावर मागे करकर असा ब्रेकचा आवाज आला, मग लोखंड दगडावर आपटल्याचा, आणि नंतर काहीच नाही.

मी सायकल टाकून मागे धावलो. त्याची सायकल कठड्याला धडकून आडवी पडली होती आणि पुढचे चाक द्रोणासारखे वाकले होते. तो स्वतः कठड्यावर पोटावर पडला होता. दोन्ही हातांनी दगड घट्ट धरले होते आणि डोके पलीकडे, दरीच्या बाजूला होते. मी त्याला कमरेला धरून मागे ओढले. त्याचे गुडघे फुटले होते, हनुवटीतून रक्त येत होते. मी संतापून ओरडलो, ‘‘अरे, वळण दिसले नाही तुला?’’

‘‘नाही,’’ तो म्हणाला. ‘‘मला तूसुद्धा आत्ता दिसत नाहीस.’’

रस्त्याच्या कडेला बसून त्याने सारे सांगितले. लहानपणापासून तिन्हीसांजेला तो अडखळत असे. घरचे त्याला वेंधळा म्हणत. त्या उन्हाळ्यात वडिलांनी त्याला नेत्रतज्ज्ञांकडे नेले. डोळ्याच्या पडद्यावरील पेशी हळूहळू मरत जाण्याचा आनुवंशिक विकार त्याला जडला होता. मंद प्रकाशात पाहण्याचे काम ज्या पेशी करतात त्या आधी जातात, म्हणून प्रारंभ रातांधळेपणाने होतो. मग दृष्टीच्या कडा झिजू लागतात. नळीतून पाहावे तसे मधले तेवढे दिसते, आणि शेवटी पुष्कळांच्या बाबतीत तेही जाते. औषध नव्हते. किती वर्षे लागतील ते सांगता येत नव्हते. सायकल चालवू नकोस, एवढे मात्र सांगितले होते.

‘‘मग मला बोलला का नाहीस?’’

‘‘बोललो असतो तर तू आला असतास?’’

त्याला उत्तर नव्हते. मोडकी सायकल मी खांद्यावर घेतली, माझी त्याच्या हाती दिली आणि त्याचा दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवून आम्ही उतरू लागलो. ‘‘डावीकडे वळण,’’ ‘‘इथे खड्डा,’’ ‘‘पाणी आहे,’’ असे मी बोलत होतो. अर्ध्या-पाऊण तासाने बेळगावची भाजी घेऊन निघालेला एक ट्रक थांबला. कोबीच्या टोपल्यांवर सायकली चढल्या आणि सावंतवाडीच्या एस.टी. स्थानकाच्या बाकावर आमची ती रात्र गेली.

सकाळी मी परतीच्या गाडीची वेळ पाहून आलो. तो शांतपणे म्हणाला, ‘‘घरी मी आंधळा झाल्यावरही जाऊ शकेन. समुद्राचे तसे नाही.’’ तेव्हा आम्ही करार केला. सूर्य उगवल्यावाचून निघायचे नाही, पाच वाजल्यानंतर सायकलीवर बसायचे नाही. मी पुढे राहायचे आणि रस्त्यात जे जे येईल ते मोठ्याने बोलायचे. आणि त्याने, दिसले नाही तर दिसले नाही, असे सांगायचे.

सायकलवाल्याने चाक ठोकून, आऊट काढून देईपर्यंत दुपार झाली. तोवर आम्ही मोती तलावाच्या काठाने हिंडलो आणि चितारआळीत गेलो. लाकडी केळी, पेरू, सीताफळे एका दुकानात रंगवून वाळत ठेवली होती. त्याने एक केळे हातात घेऊन डोळे मिटले आणि बोटांनी ते कितीतरी वेळ चाचपले. त्या वेळी मला वाटले, तो वजन पाहतो आहे.

वेंगुर्ल्यास आम्ही साडेचारलाच पोहोचलो. बंदराजवळच्या टेकडीवरून त्याने आयुष्यात प्रथम समुद्र पाहिला. मी शेजारी उभा राहून त्याच्याकडे पाहत होतो. आपण समुद्र एका दृष्टिक्षेपात पाहतो. त्याला तसे करता येत नव्हते. तो डावीकडून मान वळवीत वळवीत उजवीकडे आणी आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी, पोथीची ओळ वाचावी तशी. दूर पाण्यात वेंगुर्ला रॉक्सचे खडक होते. ते त्याला सापडेनात, म्हणून मी त्याची मान हातांनी धरून त्या दिशेला लावली. ‘‘दिसले,’’ तो म्हणाला. सूर्य बुडेपर्यंत आम्ही तेथे होतो. मग तो माझा खांदा धरून खाली उतरला.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर. कोजागरी पौर्णिमा. सकाळी निघून आरवलीस वेतोबाचे दर्शन घेतले. या देवाला चामड्याच्या मोठमोठ्या वहाणा वाहतात. गावाच्या रक्षणासाठी तो रात्री फिरतो आणि त्यामुळे त्या झिजतात, अशी लोकांची श्रद्धा आहे. ‘‘याला रात्री दिसते तर!’’ माझा मित्र म्हणाला, आणि घाटानंतर आम्ही प्रथमच मोकळेपणी हसलो. आरवली हे जयवंत दळवींचे गाव, आणि पुढचे शिरोडे म्हणजे जेथे वि. स. खांडेकरांनी १९२० पासून १९३८ पर्यंत शिक्षकी केली ते गाव. १९३०च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला तोही येथेच. मिठागरे पाहून आम्ही रस्ता सोडला आणि माडांच्या सावलीने किनारा धरला.

दोनच्या सुमारास एका लहानशा खाडीचे मुख आडवे आले. रुंदी फार नव्हती. मी सायकल खांद्यावर घेऊन पाण्यात पाऊल टाकले, तोच मागून हाक आली. वाळूत तिसऱ्या गोळा करणारी एक वृद्ध बाई हात हलवीत होती.

‘‘आताच उतरू नकात! सुकती लागली हा, पाणी भायर ओढता. पाच वाजान जावंदेत, मगे माझ्या पाठसून येवा.’’

तिचे घर पलीकडे होते. भरतीओहोटीचा हिशेब तिने आम्हांला बोटांवर शिकवला : तिथीची पाऊणपट करावी, तेवढे वाजता भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वा अकरा. तेव्हा पुरी भरती होऊन गेली. ओहोटीचा तळ सव्वापाचला. मधल्या वेळी, पाणी कमी दिसत असले तरी, ओढ सर्वांत जास्त असते.

पाचाला आम्ही तिच्यामागून उतरलो. मांडीइतके पाणी होते. ती वाकडी वाट काढीत होती. पलीकडचा काठ आला असे पाहून मी उतावीळपणे सरळ चाललो आणि पायाखालची वाळू गेली. सायकलीसकट मी खड्ड्यात पडलो. सायकलीचा दांडा खांद्यात अडकला होता. मला पोहता बेताचेच येई. तो मात्र विहिरीत सूर मारून शिकलेला. माझा दंड त्याने असा काही धरला की पुढे चार दिवस तेथे बोटे उमटलेली होती. ओढून, फरफटत त्याने मला वाळूवर आणले, मग परत जाऊन सायकलही काढली. एवढे झाल्यावर म्हणाला, ‘‘घाबरलास काय लेका?’’

आजीने आम्हांला घरी नेले. त्या रात्री कोजागरीवरच खग्रास चंद्रग्रहण होते. दुपारपासून वेध लागलेले, त्यामुळे दुधाच्या पातेल्यावर तुळशीपत्र पडले होते. घरातले कोणी काही खात नव्हते. आम्हांला मात्र तिने उकड्या तांदळाची पेज वाढली. ‘‘वाटसरवाक वेध नाय,’’ एवढेच तिचे धर्मशास्त्र.

शेणाने सारवलेल्या खळ्यात आम्ही दोघे चटईवर पडलो होतो. चांदणे दुधासारखे सांडले होते. त्याला चंद्र दिसत होता, पण चांदण्यातले खळे दिसत नव्हते, तुळशीवृंदावन दिसत नव्हते, मी दिसत नव्हतो. अकराच्या सुमारास ग्रहण लागले. बारा वाजून गेल्यावर चंद्र पुरता झाकोळला आणि माडाच्या झावळ्यांखाली असा काळोख दाटला की मला माझा हात दिसेना. घरात दिवा नव्हता. घसा कोरडा पडला म्हणून मी पडवीतल्या माठाकडे जायला उठलो आणि चौथ्याच पावलाला पाटाला ठेचकाळून पडलो.

‘‘थांब,’’ तो म्हणाला. उठला, सरळ चालत गेला, दोन पायऱ्या चढला, भांडे भरून परत आला आणि माझ्या हातात दिले. एक थेंब सांडला नाही.

‘‘तुला दिसते?’’

‘‘काहीच नाही. उजेड होता तेव्हा पावले मोजून ठेवली. चौदा, मग दोन पायऱ्या, मग उजवीकडे तीन. कुठेही गेलो की मोजतो. दोन वर्षे झाली.’’

मग क्षणभराने म्हणाला, ‘‘चंद्र आता मला दिसत नाही. कसा आहे ते सांग.’’

मी सांगितले. जुना तांब्याचा पैसा विस्तवात तापवून राखेत ठेवावा तसा आहे. एका कडेला किंचित उजळ, बाकी काळपट तांबडा. तो ऐकत राहिला आणि मधूनमधून प्रश्न विचारीत राहिला. अडीचच्या सुमारास ग्रहण सुटले. आजीने न्हाऊन दूध तापवले आणि आम्हांला उठवून दिले. तेवढे गोड दूध मी नंतर कधी प्यालो नाही.

पुढचा प्रवास मी थोडक्यात सांगतो. रेडीस १९७६ साली खाणीच्या जागेत सापडलेली द्विभुज गणेशमूर्ती पाहिली. तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर काठावर असूनही गोव्यात मोडतो. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तेथे तिरंगा फडकवला होता. तेथून फेरीबोटीने केरीस उतरलो. मांडवीवरचा पूल त्याच वर्षीच्या ५ जुलैला कोसळला होता, त्यामुळे पणजीसही फेरीनेच उतरावे लागले. परतताना सायकली ब्रेकच्या डब्यात टाकल्या आणि त्या काळच्या मीटरगेज गाडीने दूधसागरावरून घाट चढलो. धबधब्यासमोर गाडी मंदावली. हजार फुटांवरून कोसळणारे ते पाणी त्याने वरपासून खालपर्यंत मान हलवीत पाहिले. तुषार तोंडावर आले तसे डोळे मिटले आणि तसाच उभा राहिला.

घरी आल्यावर मी काकूंना विचारले, ‘‘मला सांगितले का नाही?’’ त्या म्हणाल्या, ‘‘त्याने शपथ घातली होती बाळ. तरी सांगण्यासारखे तेवढे सांगितले मी.’’

पस्तिशीच्या आत त्याची दृष्टी गेली. तोवर तो ब्रेल शिकून तयार होता. पुढे त्याने शाळेत इतिहास शिकवला, संसार केला, आणि आता तो निवृत्त झाला आहे. हे लिहिण्यास त्याने अनुमती दिली ती एका अटीवर. त्याचा निरोप वाचकांना पोहोचवायचा : घरातले मूल तिन्हीसांजेला धडपडत असेल तर त्याला वेंधळे म्हणू नका, डोळे तपासून घ्या. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या उणिवेने आलेला रातांधळेपणा वेळीच उपचार केले तर बरा होतो. विकार आनुवंशिक असला तरी आधी कळलेले बरे, कारण तयारीला वर्षे मिळतात. त्याचे आईवडील आते-मामे भावंडे होते. नात्यातल्या लग्नांत असे विकार उतरण्याचा संभव वाढतो, हेही आपल्या सीमाभागातल्या घरांनी ध्यानी घ्यावे. अलीकडे यातल्या एका विशिष्ट प्रकारावर जनुकोपचार निघाला आहे आणि २०१७ साली त्याला अमेरिकेत मान्यताही मिळाली. त्याच्या प्रकारावर तो चालत नाही. पण नातवंडांच्या काळी चालेल, असे तो म्हणतो.

गेल्या पावसाळ्याअखेर आम्ही पुन्हा त्या वाटेने गेलो, या वेळी माझ्या मुलाच्या मोटारीने. आंबोलीस दुपारी दोनला पोहोचलो. चहा झाल्यावर मी म्हणालो, ‘‘धुके आहे. आज इथेच राहायचे का?’’

‘‘उतरू या. उजेड आहे ना अजून?’’ त्याने काच खाली केली. ओल्या मातीचा वास आत आला. ‘‘हं, सांगायला लाग.’’

मी सांगू लागलो. डावे वळण. पाणी झिरपते आहे. माकडे बसली आहेत, पाच, त्यांत एक पिल्लू. कठडा आता नवा बांधलेला दिसतो. सावंतवाडीच्या तलावाशी उतरलो तेव्हा चार वाजले होते. काठी टेकीत तो म्हणाला, ‘‘बघ, आईने सांगितले होते तसे, अंधार पडायच्या आत.’’

‘‘होय, सांगितले होते खरे. मला.’’

‘‘तुलाच. मला सांगून काय उपयोग होता?’’